कागदाला हात न लावता : घडीकाम गटाच्या नोंदी

२८ जून (तयारी)

पुढच्या आठवड्यापासून शाळेत आठ मुलांचा कागदाच्या घडीकामाचा (ओरिगामीचा) गट सुरू होतोय. वय ७ ते १०, आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं. मुलं वर्गशिक्षकांनी आणि समुपदेशक बाईंनी मिळून निवडली आहेत. काही कोणात मिसळत नाहीत, काही मिसळतात ती धक्काबुक्की करूनच, आणि दोघं-तिघं अशी की ती वर्गात आहेत हे हजेरी घेतानाच कळतं. कोणाला काय अडचण आहे याच्या फाइली बाईंकडे आहेत. त्या मी वाचणार नाही, हे आधीच बोलून घेतलं. मला मुलं आधी बघायची आहेत.

घडीकामच का, ते स्वतःसाठी लिहून ठेवते. ठोकळ्यांचा ढीग एकच असतो, त्यामुळे पहिलं भांडण 'माझं-तुझं'चं. चित्र काढताना मूल आपल्यातच रमतं. त्यात वाईट काही नाही, पण शेजारी कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कागदात प्रत्येकाला आपापला चौरस मिळतो, तरी सगळे एकाच पायरीवर असतात. शेजारच्याचं अडलं तर ते दिसतं, आणि आपण नुकतेच तिथून पुढे आलेलो असतो, म्हणून त्याचं काय अडलंय हेही कळतं. शिवाय चुकलेली घडी उलगडता येते. खूण उरते, पण कागद वाया जात नाही.

कल्पना जुनीच आहे. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी जी शाळा काढली, जिला पुढे त्याने 'किंडरगार्टन' नाव दिलं, तिथल्या उद्योगांत कागदाच्या घड्या होत्या. त्याचं लक्ष जास्त करून आकारांकडे आणि भूमितीकडे होतं. माझं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे आहे.

तीन गोष्टी टिपायच्या: मदत मागणं, मदत करणं, आणि दुसरा येईपर्यंत थांबणं. बाकीचं डोळ्यांना दिसेल ते.

कागद: साधा ८० जीएसएमचा (छपाईच्या कागदाएवढा जाड), ए-४. रुंदी २१ सेंटीमीटर, म्हणून आखूड कड लांब कडेवर दुमडून जास्तीचा भाग कापला की २१ चा चौरस मिळतो आणि ८.७ सेंटीमीटरची पट्टी उरते. ओरिगामीचे तयार चौरस बहुधा १५ सेंटीमीटरचे असतात. नवख्या बोटांना ते लहान पडतात. एका बाजूने रंगीत, दुसऱ्या बाजूने पांढरा असाच कागद घेतला. 'रंगीत बाजू खाली' एवढं सांगितलं की निम्मा गोंधळ संपतो.

५ जुलै

मुलांची नावं या वहीत नकोत. पहिल्या दिवशी ज्याने जो रंग उचलला, तेच त्याचं इथलं नाव: निळा, करडा, हिरवा, केशरी हे चार मुलगे, पिवळी, जांभळी, पांढरी, तांबडी या चार मुली. कागदांत करडा रंग मी चुकून आणला होता, कोणी घेईल असं वाटलं नव्हतं. त्याने सरळ तोच घेतला.

आज पेला. कर्णावर घडी, एक टोक समोरच्या कडेला, दुसरं टोक त्याच्यावर, वरची दोन सुटी टोकं पुढे-मागे. पाच घड्या. यात पाणीही राहतं थोडा वेळ, ते बघून सगळे हरखले.

आठही मुलं एका टेबलाभोवती, पण प्रत्येक जण आपल्या कागदात. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले त्यातला हा समांतर खेळ: शेजारी शेजारी, एकाच सामानाने, पण एकत्र नाही. पहिल्या दिवसाला हे ठीक आहे.

खरी नोंद करायची ती पुढची. निळा सगळ्यांत चटपटीत. त्याचा पेला झाला तेव्हा बाकीचे दुसऱ्या घडीवर होते. तो पांढरीकडे वळला, "असं नाही गं" म्हणाला, तिच्या हातातला कागद घेतला आणि दहा सेकंदांत पेला करून तिच्यापुढे ठेवला. त्याचा हेतू चांगलाच होता, तोंडावर आनंद होता. पांढरीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. पेल्याकडे पाहिलं नाही. शेवटची वीस मिनिटं तिने कागदाला बोट लावलं नाही, दुसरा कागद दिला तरी नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की पाच मिनिटांपूर्वी मीही तेच केलं होतं. करड्याने दोन कागदांचा चोळामोळा केला होता, तिसऱ्यावर तो थांबला होता, आणि मी त्याच्या खांद्यावरून हात घालून ती घडी स्वतः दाबून दिली. जाताना सगळ्यांनी आपापले पेले नेले. करड्याचा टेबलावरच राहिला. तो त्याचा नव्हताच.

१२ जुलै

आज सुरुवातीलाच नियम सांगितला, एकच: दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. सांगायचं असेल तर तोंडाने, दाखवायचं असेल तर आपल्या कागदावर. म्हणून प्रत्येकाला दोन कागद, एक आपला आणि एक 'दाखवायचा'. निळ्याने लगेच विचारलं, "तुम्हालाही नाही, ताई?" मलाही नाही, म्हणाले.

हा नियम बोलायला सोपा आणि पाळायला किती अवघड, ते पहिल्या दहा मिनिटांत कळलं. मुलांचे हात आपोआप पुढे जातात. माझेही. केशरीची घडी तिरकी जात होती, आणि ती सरळ करायला मला बरोबर एक बोट लागलं असतं. ते बोट मी टेबलाखाली धरून ठेवलं आणि शब्द शोधू लागले: "कडेला कड जुळली का बघ. वर नाही, तुझ्या पोटाकडची कड." मग त्याने आपणहून सोडलं आणि पुन्हा जुळवलं. वेळ तिप्पट लागला. घडी त्याची झाली.

आज केलं ते कुत्र्याचं तोंड, म्हणजे फक्त तीन-चार घड्या, कारण मला घडीपेक्षा बोलण्याला वेळ हवा होता. आणि भांडण झालं ते शब्दांवरूनच. "वरचं टोक खाली आण," जांभळी म्हणाली. समोर बसलेल्या हिरव्याने त्याच्या वरचं टोक खाली आणलं, जे जांभळीच्या दृष्टीने खालचं. "वरचं म्हटलं ना!" "वरचंच केलं!" दोघंही खरं बोलत होते. मी दोघांना जागा बदलायला लावली, कागद होते तिथेच. जांभळी हिरव्याच्या खुर्चीत बसली, कागदाकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "हो, इथून वर म्हणजे ते."

दुसऱ्याच्या जागेवरून बघायला शिकवायचं म्हणजे काय, यावर पुष्कळ बोललं जातं. मला ते आज एका खुर्चीच्या अंतरावर झालेलं दिसलं.

यानंतर मुलांनीच टोकांना नावं दिली. घडी घातल्यावर दुमडलेल्या बाजूचं टोक 'नाक', सुटी टोकं 'कान'. "नाक कानांकडे आण" हे कुठल्याही खुर्चीतून एकच. मी शिकवलेलं नाही हे. पिवळीने सुरू केलं.

१९ जुलै

दोघं गैरहजर. हवा दमट, कागद मऊ पडलेला, घडी बसेना. नखाने दाबली तरी फुगून उठत होती. चौकोनी कागदाच्या होड्या केल्या आणि लवकर सोडलं. करड्याची होडी पूर्ण झाली. त्याने ती उघडून पुन्हा सपाट केली आणि तो कागद खिशात घालून गेला.

कागद आता बंद डब्यात ठेवायचा.

२६ जुलै

पाठीला पाठ लावून बसण्याचा दिवस. चार जोड्या. एकाने घडी घालत घालत सांगायचं, दुसऱ्याने न बघता ऐकून तसंच करायचं. फक्त चार घड्या, कुठल्याही. शेवटी वळून दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

पहिल्या फेरीत सगळीकडून एकच शब्द ऐकू येत होता: "असं". "मग असं कर." "असं असं दुमड." "नाही, असं!" समोरासमोर बसलो की हा शब्द सगळं काम करतो, कारण हात बोलत असतात. पाठ फिरवली की त्यात काहीच उरत नाही. तांबडी करड्याला सांगत होती. तिने तीनदा "असं" म्हटलं, तिसऱ्यांदा चिडून. करडा हलला नाही. त्याने कागद चुरगळलाही नाही, याची मी नोंद घेतली. नुसता हातात धरून बसला. मग तांबडी थांबली, स्वतःच्या कागदाकडे बघत बसली, आणि तिने विचारलं, "तुझ्याकडे आत्ता त्रिकोण आहे का चौकोन?"

बराच वेळ काही नाही. मग करडा म्हणाला, "चौकोन."

"मग आधी त्रिकोण कर. नाकाला नाक."

एवढंच संभाषण. पण सांगणारीला ऐकणाऱ्याचा कागद कुठे पोहोचलाय हे विचारावंसं वाटलं, आणि ते विचारल्यावर त्याला उत्तर देता आलं. गटात आल्यापासून करडा कोणा मुलाशी बोललेला मी ऐकलेला हा पहिला शब्द. बाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याला नुसतं "बोल" म्हटलं की तो आणखी मिटतो. त्याला उत्तर असलेला प्रश्न लागतो. हे मला आधी माहीत असतं तर पहिल्या दिवशी त्याच्या खांद्यावरून हात घातला नसता.

चारपैकी एकाच जोडीचे कागद जुळले, पिवळी आणि केशरी यांचे. पिवळी प्रत्येक घडीनंतर "झालं?" विचारत होती आणि त्याचं "झालं" आल्याशिवाय पुढे जात नव्हती. दुसऱ्या फेरीआधी मी मुलांनाच विचारलं, यांचं का जुळलं असेल? हिरवा म्हणाला, "ती थांबते."

२ ऑगस्ट

दोघांत एक कागद, प्रत्येकाचा एकच हात. दुसरा हात पाठीमागे. करायचं विमान.

निळा आणि केशरी यांना एकत्र बसवलं ही माझी चूक. दोघंही घाईचे, दोघांनाही मधली घडी आपणच दाबायची होती. कागद बरोबर मधोमध फाटला. निळा मोठ्याने रडला, केशरीला ढकललं, आणि टेबलाखाली जाऊन बसला. मी माफी मागायला लावली नाही. लावली असती तर त्याने मागितलीही असती, आणि तिचा अर्थ काही नसता. त्याच्याजवळ खाली बसले. पाच-सात मिनिटांनी तो म्हणाला, "तो ओढत होता." मी म्हटलं, "आणि तू?" तो काही बोलला नाही, पण बाहेर आला.

केशरीने तोवर फाटलेल्या दोन अर्ध्या भागांची दोन लांबोडकी विमानं केली होती. एक त्याने निळ्याच्या जागेवर ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीच्या जोड्यांत हसणं फार. पांढरी आणि जांभळी यांचं विमान सगळ्यांत वाकडं आणि सगळ्यांत लांब गेलं.

हा खेळ पाचव्या आठवड्यात घ्यायला नको होता. अजून दोन-तीन आठवडे थांबायला हवं होतं. ज्यांना अजून स्वतःचा हात आवरत नाही, त्यांना दोघांत एक कागद देणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

६ ऑगस्ट

वर्गशिक्षकांशी बोलणं. मधल्या सुट्टीत फरक? त्यांनी स्पष्टच सांगितलं, फारसा नाही. करडा भिंतीलाच बसतो. निळा पूर्वीसारखाच दुसऱ्यांच्या वह्यांत लिहितो, "मी मदत केली" म्हणतो.

वाईट वाटलं, पण ऐकलं ते बरं झालं. त्या टेबलावर शिकलेलं त्या टेबलावरच राहतंय. तिथे कागद आहे, नियम आहे, मी आहे. वर्गात यातलं काहीच नाही. वर्गात कागद नेता येणार नाही, पण शब्द नेता येतील. आमच्या गटात रुळलेली तीन वाक्यं शिक्षकांना लिहून दिली: "मी दाखवू का?", "थांब, मला करू दे", "परत सांग ना". त्यांनी ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली आणि स्वतःही वापरायची ठरवली. "परत सांग ना" हे मोठ्या माणसाच्या तोंडून मुलांनी ऐकलं, तर ते विचारण्यात कमीपणा नाही हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

९ ऑगस्ट

एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत जी जिगसॉ पद्धत सुरू केली, तिचं मूळ सोपं आहे: धड्याचा एकेक तुकडा एकेकाला द्यायचा, म्हणजे पूर्ण धडा कळायला प्रत्येकाला प्रत्येकाची गरज लागते. तिथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात आणलं होतं आणि वर्गांत तणाव होता. आमच्याकडे तसं काही नाही, पण 'हा काही कामाचा नाही' अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

आज उडी मारणारा बेडूक. चार टप्पे: वरचा भाग, पुढचे पाय, मागचे पाय, आणि शेवटची आडवी दुहेरी घडी, जिच्यावर बोट ठेवून सोडलं की बेडूक उडतो. चार-चारचे दोन गट. एका टप्प्याला दोन्ही गटांतला एकेक जण. आधी मी त्या दोघादोघांना बाजूला घेऊन त्यांचा टप्पा शिकवला, मग ते आपल्या गटात परतले. करडा आणि जांभळीकडे शेवटचा टप्पा, उडीचा.

करड्याची पाळी आली तेव्हा त्याने तोंड उघडलं नाही. 'दाखवायच्या' कागदावर घडी घातली, ती टेबलावर ठेवली, आणि पेन्सिलीच्या टोकाने घडीची रेघ दाखवली. तिघांनी तसं केलं. हिरव्याची घडी उलट्या बाजूने पडली. करड्याने मान हलवून 'नाही' म्हटलं, आपला कागद उलटा करून त्याच्याकडे सरकवला आणि थांबला. हिरव्याने ताडून पाहिलं. "अच्छा, ही दरीची नाही, डोंगराची घडी." बरोबर. (दरीची घडी आपल्याकडे दुमडायची, डोंगराची मागे.)

हे 'बोलणं' धरायचं की नाही यावर घरी बराच विचार केला. मी धरणार. त्याने दुसऱ्याची चूक पाहिली, त्याच्या कागदाला हात लावला नाही, त्याला कळेल असं दाखवलं, आणि वाट पाहिली. यात शब्द नव्हते एवढंच.

शेवटी आठ बेडूक जमिनीवर. शर्यत नको म्हणून आधीच सांगितलं होतं, तरी शर्यत झाली.

१६ ऑगस्ट

आजपासून मोठं काम: सोनोबे. मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाने ओळखला जाणारा घडीचा एक तुकडा. दिसायला समांतरभुज चौकोन. दोन टोकं, दोन खिसे. एकाचं टोक दुसऱ्याच्या खिशात. गोंद नाही, कात्री नाही. सहा तुकड्यांचा घन होतो, बारांचा आठ कोनांचा तारा, आणि तीस तुकड्यांचा वीस टोकांचा गोळा. आपण तिसांचा करू, असं मुलांना सांगितलं. नमुना दाखवला नाही. आधी दाखवला की निळा तोच करायच्या मागे लागेल.

एकाचं काम दुसऱ्याच्या खिशात गेल्याशिवाय उभंच राहत नाही, म्हणून मला ही वस्तू या गटासाठी सगळ्यांत योग्य वाटते.

कामाची वाटणी डॅनियल लेगॉफ यांच्याकडून घेतली. त्यांनी २००४ मध्ये लेगोच्या विटांवर आधारलेल्या गटकामाबद्दल लिहिलं, स्वमग्न मुलांसाठी. त्यात एक जण नकाशा वाचून सांगतो, दुसरा लागणारा तुकडा देतो, तिसरा जोडतो, आणि मग भूमिका फिरतात. मी ती घडीला अशी लावली: एक वाचणारा, एक घडणारा, एक तपासणारा. तिघांचे दोन गट आणि दोघांचा एक. दोघांत घडणारा स्वतःच तपासतो.

वाचायला आकृत्या दिल्या. तुटक रेघ म्हणजे दरीची घडी, रेघ-टिंब-टिंब म्हणजे डोंगराची, आणि बाण. ही खुणांची भाषा जपानच्या अकिरा योशिझावा यांनी घडवली; आता जगात कुठेही ओरिगामीच्या आकृत्या जवळपास याच खुणांत असतात, वाचायला जपानी यावं लागत नाही. करड्याला वाचणारा केलं. आकृतीवर बोट ठेवून तो एकेक शब्द बोलत होता: "दरी." "उलट." "डोंगर." शब्द कागदावरूनच येत असल्याने त्याला ते शोधावे लागत नव्हते.

२३ ऑगस्ट

आठ मुलं, प्रत्येकी चार तुकडे, म्हणजे ३२. दोन जास्तीचे. हिशोब चोख होता.

जोडायला घेतलं तर हिरव्याचे चारही तुकडे बसेनात. टोक खिशाशी येतं आणि तिरकं राहतं. तपासणारी पांढरी होती. तिने त्याचा तुकडा आणि स्वतःचा तुकडा शेजारी ठेवले (हात लावण्याआधी "घेऊ का?" विचारून), आणि म्हणाली, "हे आरशातलं आहे." अगदी तसंच. सोनोबेचा तुकडा डावीकडे झुकलेला करता येतो किंवा उजवीकडे, आणि दोन प्रकार एकमेकांत बसत नाहीत. हिरवा माझ्या समोर बसून माझ्या हातांकडे बघत होता, म्हणून त्याचं सगळं उलटं झालं. १२ जुलैचं 'वर-खाली' पुन्हा आलं, आणि या वेळी चूक माझी. मी शेजारी बसून दाखवायला हवं होतं.

हिरव्याने चारही तुकडे ढकलून दिले. "माझे फेका."

कोणी फेकले नाहीत. पिवळीने ते चार आपापसांत लावून पाहिले. एकमेकांत ते व्यवस्थित बसले. "सहांचा डबा होतो ना? मग आणखी दोन उलटे केले की याचा वेगळा डबा होईल." मग हिशोब असा: सरळ २८, हवेत ३०, म्हणजे दोन सरळ कमी, उलटे चार, हवेत सहा, म्हणजे दोन उलटे कमी.

इथे निळा उठला. माझा श्वास थोडा अडकला, कारण त्याचा हात हिरव्याच्या तुकड्यांकडेच जात होता. तो मध्येच थांबला. "मी दोन उलटे करू का? तुझ्यासाठी?" हिरव्याने बघितलं. "एक तू कर. एक मी."

निळ्याला उलटा तुकडा जमायला तीन कागद लागले. ज्याला सगळं पहिल्या झटक्यात येतं, त्याला मुद्दाम उलटं करताना प्रत्येक घडीला हिरव्याचा तुकडा बघावा लागत होता, आणि हिरवा "नाही, इकडचं टोक" असं त्याला सांगत होता.

दोन सरळ तुकडे जांभळी आणि तांबडीने केले. डबा झाला. हिरव्याने तो दिवसभर सोबत ठेवला, असं शिक्षकांकडून कळलं.

३० ऑगस्ट

जोडणी. तीन तुकड्यांचं एक टोक, आणि एका बिंदूभोवती अशी पाच टोकं. पहिली दहा-बारा भराभर होतात. पुढे अवघड, कारण इकडे नवीन तुकडा घुसवला की तिकडचा सुटतो. दोन हातांनी होत नाही. चार लागतात, शेवटी सहा.

म्हणजे आमचा नियम आज बदलावा लागला. आजवर प्रत्येकाचा कागद प्रत्येकाचा; आज एकाच वस्तूवर सगळ्यांचे हात. मुलांनीच ठरवलं: हात लावण्याआधी "धरू का?" आणि सोडण्याआधी "सोडू?". दुसरा प्रश्न मला सुचला नसता. पण खरी गरज त्याचीच होती, कारण कोणी न सांगता सोडलं की सगळं निखळत होतं. दोनदा निखळलं. पहिल्यांदा आरडाओरडा. दुसऱ्यांदा केशरी नुसतं म्हणाला, "परत," आणि सगळे खाली वाकून तुकडे गोळा करू लागले.

अठ्ठावीस तुकडे लागले. एकोणतिसावा सैल होता. घड्या नीट दाबल्या नव्हत्या, टोक खिशातून बाहेर येत होतं. निळ्याने तो पुढे धरला. "हा कोणाचा?"

कोणी बोललं नाही. करडा रंग सगळ्यांना दिसत होता.

"माझा," करडा म्हणाला.

"नवा करू?"

"नको."

मला वाटलं आता वाद होईल. निळ्याने तो तुकडा घातला, टोक बाहेर आलं, त्याने पुन्हा घातला. मग करड्याने टेबलाच्या त्या बाजूने येऊन विचारलं, "धरू का?" आणि त्या सैल टोकावर अंगठा ठेवला. तिसावा तुकडा बसेपर्यंत तो तिथेच उभा होता, आणि बसल्यावर त्याने विचारलं, "सोडू?" सात जण एकदम "हो" म्हणाले. टोक थोडं वर आलं, पण गोळा राहिला.

६ सप्टेंबर

शेवटचं सत्र. ज्याला जे हवं ते करायचं.

शिक्षकांकडून: निळा वर्गात "मी दाखवू का?" विचारतो, पण उत्तराची वाट अजून नेहमी बघत नाही. करडा मधल्या सुट्टीत भिंतीलाच बसतो. मात्र आता त्याच्याजवळ कागद असतो, आणि हिरवा दोन-तीनदा जाऊन शेजारी बसलेला दिसला. दोघं बोलत नाहीत, घड्या घालतात. पार्टनच्या भाषेत हा पुन्हा समांतर खेळच. पण आठ मुलांना टेबलाभोवती मी बसवलं होतं, आणि हे दोघं आपणहून बसतायत.

पुढच्या गटासाठी बदल: पहिल्या दिवसापासून मी मुलांच्या समोर नाही, शेजारी बसायचं. एक कागद-दोन हात हा खेळ आठव्या आठवड्यानंतरच. शिक्षकांना वाक्यं सहाव्या आठवड्यात नाही, पहिल्याच आठवड्यात द्यायची. गट आठांचाच बरा. दहा झाले की तपासायला वेळ पुरत नाही.

आज पांढरी पुन्हा पेला करत होती, पहिल्या दिवसाचा. दुसरं टोक जरा खाली जात होतं. मी बोलत होते जांभळीशी, बघत होते इकडे, आणि माझा हात तिच्या कागदावर गेला. अगदी नकळत, दहा आठवड्यांनंतरही.

पांढरीने कागद स्वतःकडे ओढला. "थांब ताई. मला करू दे."

मी हात मागे घेतला. तिने टोक उलगडलं, कडेशी पुन्हा लावलं, आणि नखाने दाबलं.